तिसऱ्या पलंगाची हकीकत

श्री. वास्तुपुरुषास नमन, चारी भिंतींस नमन, आणि जे दार आतल्या अंगास उघडते त्याच्या बिजागरीस विशेष नमन. शके १९४६, क्रोधी नाम संवत्सर, श्रावण शुद्ध द्वितीया, भौमवासर म्हणजे मंगळवार, ते दिवशी या प्रकरणास आरंभ जाहला. आपण आज्ञा केली की वसतिगृहाच्या कोठीच्या खोलीत तिसऱ्या पलंगाचे राजकारण कैसे जाहले, कोण झगडले, कोण चुकले, ते साद्यंत लिहून कळवावे. त्यास, आम्हीही त्याच वसतिगृहातील विद्यार्थिनी, आमची खोली कोठीस लागून, ओसरी एक, आणि कान देवाने दिले ते झाकून ठेवण्यास दिले नाहीत. सबब जे पाहिले ते लिहितो, जे ऐकिले तेही लिहितो, आणि जेथे आमचीच अक्कल कमी पडली तेही लपवीत नाही.

कोणे एके संस्थानी एक तंत्रनिकेतन, आणि त्याचे पदरी मुलींचे वसतिगृह. इमारत दगडी, जुन्या अमदानीतील, बाहेरून किल्ल्यासारखी भक्कम आणि आत नळास पाणी नाही. तेथील सर्व सत्ता रेक्टर निगुडकर मॅडम यांची. बाईसाहेब स्वभावे करड्या, कमरेस किल्ल्यांचा जुडगा, बोलणे मोजके, आणि त्यांच्या चपलांचा आवाज जिन्यावर आला की मुली हसणे अर्धवट गिळीत. त्या साली मुली फार आल्या आणि खोल्या होत्या तितक्याच राहिल्या. मग ओसरीच्या शेवटास जी कोठीची खोली, जीत दहा वर्षांच्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे कोंबले होते, ती रिकामी करून दोघींस द्यावी असे ठरले. खोली कोरी, पलंग, टेबल, जे काय लागेल ते राहणारीने आणावे. त्या दोघी कोण, तर एक हेमलताबाई वाघचौरे, अकोले मुलखीच्या, स्थापत्य शिकण्यास आलेल्या, हाती सदा पट्टी आणि तोंडी सदा ‘माझ्या अंदाजानं’. दुसऱ्या शमीमबी मुलाणी, माणदेशच्या, यंत्रशाखेच्या. त्यांचे वडील शिंपीकाम करीत म्हणून मापाची फीत त्यांच्या गळ्यात, जशी इतरांच्या गळ्यात साखळी. आणि तिसऱ्या, ज्यांच्यासाठी हे सारे जाहले, त्या भाग्यवंतीबाई मडावी, झाडीपट्टीच्या. प्रवेशाच्या शेवटल्या फेरीत त्यांचे नाव लागले, आणि दोन एसटी व एक रेल्वे बदलून, लोखंडी पेटी घेऊन दाखल जाहल्या, तो वसतिगृहाची यादी भरून गेलेली. गावात नातलग नाही, ओळख नाही. बाईसाहेबांनी त्यांस आजारी मुलींच्या खोलीत चार दिवस जागा दिली आणि बजावले की शनिवारी ती खोली रिकामी पाहिजे. शनिवारनंतर कोठे? तर घरी. आणि घरी गेल्या म्हणजे शिक्षण संपले, कारण त्या गावाहून रोज येऊन-जाऊन शिकायचे तर वाटेतच केस पांढरे व्हावे.

ही वार्ता हेमलताबाई आणि शमीमबी यांनी जेवणाच्या पंगतीत ऐकिली. भाग्यवंतीबाई त्यांच्या शेजारी बसून वरणात पोळी बुडवीत होत्या, आणि पोळी बुडवितात, काढितात, परंतु खात नाहीत, हे शमीमबींच्या ध्यानी आले. मग पुसिले, मग कळले, मग दोघींनी एकमेकींकडे पाहिले, आणि हात वाळण्यापूर्वीच तिघींची स्वारी बाईसाहेबांच्या कचेरीवर चालून गेली. आम्ही तेथे नळाच्या तक्रारीस्तव उभ्या होतो, म्हणून संभाषण अक्षरशः देतो.

शमीमबी म्हणाल्या, “मॅडम, कोठीची खोली लई मोठी दिसतीया. तिघी बसू की आमी.”

“बसाल,” बाईसाहेब बोलिल्या. “उभ्याही राहाल. झोपणार कुठे?”

“माझ्या अंदाजानं तीन पलंग आरामात बसतील, मॅडम,” हेमलताबाई म्हणाल्या.

“अंदाजानं माणसं राहत नाहीत. नीट ऐका. प्रत्येकीला स्वतःचा पलंग आणि स्वतःचं टेबल. दार पूर्ण उघडलं पाहिजे. प्रत्येक पलंगापासून दारापर्यंत दोन फूट वाट मोकळी पाहिजे. उद्या आग लागली तर तुमच्या आईवडिलांना तोंड मला दाखवायचंय. हे सगळं आधी गुरुवारी कागदावर दाखवा, मग खोलीत दाखवा. शनिवारी सकाळी दहा वाजता. बसलं तर तिसरं नाव लिहीन, नाही बसलं तर नाही. आणि तोवर एक खुर्चीसुद्धा विकत आणायची नाही.”

ही शेवटली आज्ञा उगाच नव्हती. मागील साली एका खोलीतील मुलीने हौसेने लोखंडी कपाट आणविले, ते हमालांनी दारात घातले, आणि ते दारातच बसले. ना आत ना बाहेर. आत दुसरी मुलगी होती, तिला दोन दिवस डबा खिडकीतून पोचविला, आणि तिसरे दिवशी चौकट काढावी लागली. तेव्हापासून बाईसाहेबांस नव्या सामानाची धास्ती बसली, आणि ती रास्त होती.

आता मोजणी करावी तर कोठीस कुलूप. आतील गठ्ठे परीक्षाखात्याचे, ते शुक्रवारपूर्वी हलविण्याची परवानगी नाही. शुक्रवारी नागपंचमीची सुट्टी, तेव्हा तिघींनी आपल्या हातांनी गठ्ठे पलीकडील गुदामात न्यावे, असे ठरले होते. कागद तर गुरुवारी दाखवावयाचा. तेव्हा हेमलताबाईंनी मसलत काढली की खोली बाहेरून मोजावी. खोली ओसरीच्या टोकास, तीन बाजू उघड्या, अडचण कसली? मग शमीमबींची पाच फुटी फीत निघाली आणि मोजणी सुरू जाहली. फितीचे दुसरे टोक आम्हीच धरिले होते, हे येथे नमूद करितो, कारण पुढे जे जाहले त्यात आमचाही वाटा आहे. मागील बाजूस घाणेरीचे झुडूप वाढलेले, त्यात भाग्यवंतीबाई शिरल्या, ओरखडे काढून घेतले, आणि कोपऱ्यास बोट लावून उभ्या राहिल्या. लांबी चौदा फूट भरली, रुंदी बारा. “बाया, हा तर महाल आहे,” असे शमीमबी बोलिल्या आणि आम्हीही मान डोलविली.

मग बुधवारची सारी दुपार हेमलताबाईंनी आलेख कागदावर खोली काढिली. एका घरास एक फूट. दार आखूड भिंतीच्या डाव्या कोपऱ्यात, खिडकी समोरच्या आखूड भिंतीच्या मधोमध. पलंग सहा फूट लांब, अडीच फूट रुंद. उजव्या लांब भिंतीस दोन पलंग एकापुढे एक, डाव्या भिंतीस एक, टेबले तीन, कपाटे तीन, चपलांस जागा, बादल्यांस जागा, आणि इतके होऊन मधोमध फुगडी घालण्याइतके मैदान. भाग्यवंतीबाई त्या कागदाकडे पाहतच राहिल्या. आपल्या पलंगाच्या चौकोनात बोट फिरवून म्हणाल्या, “हा माहा?” हेमलताबाईंनी पेन्सिल घेऊन त्यात ‘भाग्या’ असे लिहून दिले. गुरुवारी कागद कचेरीत गेला, बाईसाहेबांनी चष्मा लावून उलटसुलट पाहिला, आणि म्हणाल्या, “कागद ठीक आहे. शनिवारी खोली.” इतके शब्द त्यांच्या मुखातून कौतुकाचे निघणे हे वसतिगृहाच्या इतिहासात थोर मानले जाते. त्या सायंकाळी तिघी पंगतीत इतक्या हसल्या की वाढणाऱ्या मावशी दटावो लागल्या.

शुक्रवारी, नागपंचमीचे दिवशी, कुलूप निघाले. आत गठ्ठेच गठ्ठे, छतास लागलेले, आणि धूळ ऐसी की तिघींच्या भुवया पांढऱ्या जाहल्या. तिघी वाहो लागल्या, आम्हीही चार गठ्ठे नेले, मग आमची कंबर दुखो लागली. दुपारपर्यंत खोली बरीच रिकामी जाहली; केवळ खिडकीकडील भिंतीच्या मधोमध, खिडकीपुढे, गठ्ठ्यांचा ढीग राहिला. हेमलताबाई म्हणाल्या की ते मागून नेऊ, आधी पलंग मांडून पाहू. त्यांचा बेत असा की जुनी वर्तमानपत्रे पलंगाच्या मापाने कापून जमिनीवर अंथरावी. शमीमबींनी कात्री काढली, तो हेमलताबाईच ओरडल्या, “ए, आज नको! आज नागपंचमी. आज कापायचं नाही, चिरायचं नाही. आईनं सकाळी फोन करून बजावलंय.” शमीमबींनी कात्री मुकाट पेटीत ठेविली आणि वर्गातून खडू आणिला. खडूने काही कापत नाही, तेव्हा नागदेवतेचीही हरकत नव्हती.

मग फरशीवर पहिला पलंग काढिला, उत्तम निघाला. त्यापुढे दुसरा काढू लागल्या. हेमलताबाई गुडघ्यांवर बसून रेघ ओढीत पुढे निघाल्या, चार फूट, साडेचार फूट, पाच फूट, आणि पुढे भिंत. सहावा फूट कोठे काढावा? हात थांबला नाही म्हणून रेघ भिंतीवर चढली. तिघी त्या रेघेकडे पाहत राहिल्या. मग आतून मोजले. लांबी अकरा फूट. रुंदी नऊ फूट. पुन्हा मोजले, तेच. शमीमबींनी फीत ताणून पाहिली, उजेडात धरून पाहिली, की रातोरात ही लांबली की काय. आम्हीही मोजले, आमच्याही हाती अकरा आणि नऊच आले. लांबीत तीन फूट आणि रुंदीत तीन फूट मुलूख कोणी लुबाडून नेला, हे काही उमगेना.

शेवटी शमीमबी दारात उभ्या राहिल्या आणि त्यांचे लक्ष चौकटीकडे गेले. चौकटीच्या आतल्या कडेपासून बाहेरल्या कडेपर्यंत त्यांनी हात लावून पाहिला. कोपरापासून बोटांपर्यंतचा सारा हात त्या भिंतीच्या जाडीत मावला. त्यांनी कपाळास हात लाविला. “आगं बया. भित्तच दीड फुटाची हाय. आपण भित्ती बी मोजल्या की खोलीत.” आता कोणी म्हणेल की इतके साधे कैसे सुचले नाही? तर ऐका. हेमलताबाईंचे घर पत्र्याचे. त्यांच्या भिंतीत खिळा ठोकला तर शेजारणीच्या घरात निघतो. शमीमबींचे घर एका विटेच्या आडव्या थराचे, चार इंची. आणि भाग्यवंतीबाईंचे घर कुडाचे, बांबूवर माती लिंपलेले, पावसाळ्यात बोट घातले तर आरपार. भिंतीस भिंतपणाखेरीज जाडीही असते, हे तिघींनी कधी अनुभविलेच नव्हते. आम्हांस तरी कोठे सुचले? आमचे घर चाळीचे. स्थापत्यशाखेत येऊन हेमलताबाईंस पंधरा दिवस जाहले होते, आणि भिंतीचा धडा पुढल्या महिन्यात होता.

हेमलताबाई पलंगाच्या खडूतच बसल्या आणि रडो लागल्या. “कागद ठीक आहे म्हणाल्या होत्या गं त्या. मीच वाट लावली तुझी. तू मला विचारलंस, हा माझा का, आणि मी नाव लिहून दिलं.” शमीमबींनी पलंग फिरवून पाहिला, आडवा पाहिला, तिरपा पाहिला, तीन पलंग कसेबसे मावत, तर टेबलांस जागा उरेना, आणि टेबले मांडिली तर दोन फुटांची वाट बुजून जाई. भाग्यवंतीबाईंनी ओढणीने तोंड पुसले आणि म्हणाल्या, “रडू नका ना ताई. तुमी इतलं केलं, तेच लय झालं. मी पेटी भरून घेते.” ऐसे बोलून त्या आजारी खोलीकडे चालत्या जाहल्या. आम्ही ओसरीवर होतो; आमच्यासमोरून गेल्या, तेव्हा आम्हांस वर पाहवले नाही.

पेटी भरण्यास काय वेळ लागतो? दोन पोशाख, एक ताट, आईने दिलेली मोहाच्या फुलांची पुडी. भरून जाहली. आणि भाग्यवंतीबाई परत आल्या! आम्ही पुसिले की काही विसरलीस का. तर म्हणाल्या, “तिकडचे गठ्ठे राहिले ना. आपुन हाती घेतलं ते पुरं करून जावाव. त्या दोघी थकल्या.” हे ऐकून आमची कंबर आपोआप बरी जाहली आणि आम्हीही उठलो. खिडकीकडील ढीग त्या एकेक करून उतरवो लागल्या. वरचे उतरले, मधले उतरले, आणि भिंतीस टेकलेला शेवटचा गठ्ठा ओढण्यास त्यांनी हात घातला, तो हात भिंतीस लागेचना. कोपरापर्यंत गेला, दंडापर्यंत गेला, आणि तरी पुढे आणखी गठ्ठा. भाग्यवंतीबाई घाबरून ओरडल्या, “ताई! माहा हात भित्तीत गेला!”

दोघी धावल्या. तिघींनी मिळून ते गठ्ठे उपसले आणि मागे काय निघाले ते ऐका. दीड फुटाची जी भिंत, तिच्या बाहेरल्या कडेस खिडकी बसविलेली. आणि खिडकीच्या अलीकडे, भिंतीच्या पोटात, काळ्या दगडाची एक सपाट फळी. चार फूट लांब, दीड फूट खोल, आणि उंची कमरेस लागेल इतकी. शमीमबींनी ओढणीने फळी पुसली. हेमलताबाईंनी हातावर डोके टेकून पाहिले, कोपर टेकून पाहिले, मग लिहिण्याचा अभिनय केला, आणि मोठ्याने म्हणाल्या, “टेबल! अगं, हे टेबल आहे! दोघींचं! दोन-दोन फूट!” जी भिंत तीन फूट गिळून बसली होती तिने दोन टेबले परत दिली होती. आणि उजेड तर ऐसा की उत्तरपत्रिकांवरील लाल गुणही वाचता आले; ते पाहून शमीमबी म्हणाल्या की आपण पास होणार बघा, हितं आपल्यापरास ढ पोरी होऊन गेल्या.

मग नवा नकाशा जाहला, आणि या वेळी कागदावर नव्हे, जमिनीवर, आतून. खिडकीच्या उजव्या अंगास भिंतीस लागून एक पलंग, डाव्या अंगास एक. मधे चार फूट, ते खिडकीच्या फळीइतकेच, जणू मोजून. तिसरा पलंग दाराच्या भिंतीस आडवा, दार संपते तेथून सुरू होऊन समोरच्या कोपऱ्यापर्यंत. नऊ फुटांतून तीन फूट दाराचे, उरले सहा, बरोबर पलंगाइतके. त्या पलंगाच्या आणि उजवीकडील पलंगाच्या मधे अडीच फुटांची फट, तेथे तिसरे टेबल. कपाटे रद्द, पेट्या पलंगाखाली. आता एकच भय, की दार उघडले तर तिसऱ्या पलंगास धडकेल. शमीमबींनी दाराच्या फळीखाली खडूचा तुकडा धरिला आणि दार हळूहळू उघडिले. जमिनीवर चंद्रकोरीसारखी रेघ उमटली आणि पलंगाच्या कोपऱ्यापासून चार बोटे अलीकडून निघून गेली. चारच बोटे, परंतु ती हिंदुस्थानच्या तख्ताइतकी वाटली. मग फुगडीचे मैदान गेले म्हणून कोणी दुःख केले नाही.

त्या सायंकाळी सारे वसतिगृह पाहण्यास लोटले. आणि एक चमत्कार आम्ही पाहिला तो सांगतो. खडूच्या रेघा त्या, भिंतीही नव्हेत, लाकूडही नव्हे. परंतु जी येई ती रेघ चुकवून चाले. एक मुलगी वाटेवरून न जाता टेबलाच्या चौकोनातून गेली, तर शमीमबी खेकसल्या, “टेबलावर पाय देतीस व्हय गं?” आणि त्या मुलीने टेबलास हात लावून नमस्कार केला. आम्ही बोलण्याच्या भरात भाग्यवंतीबाईंच्या पलंगात उभ्या राहिलो, तर हेमलताबाईंनी आम्हांस दंड धरून उतरविले. परंतु भाग्यवंतीबाई स्वतः त्या रेघांच्या आत गेल्या नाहीत. कडेस उभ्या राहून पाहत होत्या, आणि पेटी अद्याप आजारी खोलीतच, भरलेली.

शनिवारी दहा वाजता चपलांचा आवाज आला. बाईसाहेब दाखल जाहल्या, बगलेत रजिस्टर, सोबत आपली पोलादी फीत. दारात थांबून त्यांनी खोली पाहिली, मग हातातील कागद पाहिला, आणि म्हणाल्या, “हे कागदासारखं नाही.”

“नाही, मॅडम,” हेमलताबाई म्हणाल्या. लपविले काही नाही. “मी बाहेरून मोजलं होतं. भिंतीपण खोलीत धरल्या. चूक माझी. हे आतून मोजलंय.”

बाईसाहेबांनी दार पूर्ण उघडिले आणि वाकून ती चार बोटे पाहिली. फीत सोडून वाट मोजली, फळी मोजली, तिसऱ्या टेबलाचा चौकोन मोजला. आणि मग, पलीकडल्या पलंगाकडे जाताना, बाईसाहेबांनी पदर सावरला आणि खडूच्या टेबलास वळसा घालून गेल्या. सरळ जाता आले असते, परंतु वळसाच घातला. शमीमबींनी आमच्याकडे पाहिले, आम्ही शमीमबींकडे पाहिले, आणि मनात म्हटले की आता काम होणार.

परंतु बाईसाहेब इतक्यात मानणाऱ्या नव्हत्या. म्हणाल्या, “तिघी आपापल्या पलंगावर झोपा. मी टाळी वाजवली की आग लागली. रेघेवर पाय न देता बाहेर या.” तिघी खडूच्या पलंगांवर निजल्या, हात अंगाशी घेऊन, डोळे मिटून. टाळी वाजली. हेमलताबाई उठून पळाल्या, शमीमबी चपला सोडून पळाल्या, दोघी बाहेर. आणि भाग्यवंतीबाई, ज्यांचा पलंग दारास लागून, एका उडीत ज्या बाहेर यावयाच्या, त्या आपल्या चौकोनातच पाय जुळवून, अंग चोरून उभ्या राहिल्या, दोघींस वाट दिली, मग सावकाश बाहेर आल्या आणि मागे दार हळूच ओढून घेतले.

“सगळ्यात दाराजवळ तुझा पलंग,” बाईसाहेब म्हणाल्या. “आणि सगळ्यात शेवटी तू. का?”

भाग्यवंतीबाई खाली पाहो लागल्या. “त्याईची खोली आहे ना मॅडम. मी तं मागून आली.”

आम्हांस वाटले की गेले, आता हे दुसरेच कलम निघाले. सारी ओसरी मुलींनी भरली होती. मग बाईसाहेबांनी रजिस्टर ओसरीच्या कठड्यावर ठेविले, उघडिले, आणि पुसिले, “वडिलांचं नाव?”

“झुरू.”

“भाग्यवंती झुरू मडावी,” असे मोठ्याने म्हणत बाईसाहेबांनी सावकाश लिहिले, खाली तारीख घातली, सही केली, शिक्का काढून त्यावर तोंडाने ‘हाऽ’ करून फुंकर मारली आणि उमटविला. मग रजिस्टर फिरवून भाग्यवंतीबाईंसमोर धरिले. “वाच. खोली कुणाची आहे?”

भाग्यवंतीबाईंनी वाचले. तीन नावे होती, एकाखाली एक. त्या पुन्हा वाचो लागल्या, तो बाईसाहेबांनी रजिस्टर मिटले. “मागून आलेली मुलगी आगीत उशिरा जळत नाही. आत जा तिघी. पुन्हा झोपा.”

तिघी पुन्हा निजल्या. टाळी वाजली. आणि भाग्यवंतीबाई ऐशा पळाल्या, ऐशा पळाल्या, की पहिल्या बाहेर आल्या, ओसरी ओलांडली, पायऱ्या उतरल्या, अंगण ओलांडले, आणि नळापाशी जाऊन धाप लागली तेव्हा थांबल्या. मागे वळून पाहिले तर सारे वसतिगृह हसत होते, आणि त्याही हसो लागल्या, आणि हसता हसता रडो लागल्या. आमच्याही डोळ्यांस पाणी आले, हे लिहिण्यास लाज वाटत नाही. बाईसाहेबांनी खोलीत डोकावून जमीन पाहिली. एकही रेघ पुसली नव्हती. “आता आणा पलंग,” असे म्हणून त्या निघून गेल्या, आणि जिन्याच्या वळणावर चष्मा काढून पुसिला, हे एकट्या आम्ही पाहिले.

येणेप्रमाणे तिसऱ्या पलंगाचे प्रकरण घडले. पुढील आठवड्यात पलंग आले, ते खडूच्या रेघांवर पाय ठेवून उभे राहिले आणि कोठे एक बोटही चुकले नाही. मुलूख नऊ फूट गुणिले अकरा फूट, त्यात राज्ये तीन. पंख्याच्या वेगावरून सकाळी तह मोडतो, चहाच्या वेळी पुन्हा होतो. सर्वांनी सर्व काही मोजून आणिले. दारावरील पाटी मात्र मोजावी असे कोणास सुचले नाही. ती दोन नावांपुरतीच होती. सबब तिसरे नाव कडेने उभे लिहावे लागले, आणि ते वाचण्यास मान वाकडी करावी लागते. येणारे-जाणारे मान वाकडी करतात आणि वाचतात.